वारा फुकटचा, वीज परवान्याची

आलॉइस वोबेन हे जर्मन विद्युत अभियंते दोन देशांत कायद्याच्या दोन अगदी उलट बाजूंना उभे राहिले. अमेरिकेत त्यांच्या ‘एनरकॉन’ कंपनीच्या पवनचक्क्यांवर आयातबंदी आली, कारण तिथले एक पेटंट दुसऱ्याच्या हातात होते. भारतात पेटंटे खुद्द वोबेन यांच्या नावावर होती, आणि ज्या कंपनीत एनरकॉनचेच निम्म्याहून अधिक भांडवल होते तीच कंपनी ती पेटंटे रद्द करा म्हणून दाद मागत होती. एका ठिकाणी पेटंटने त्यांची वाट अडवली, तर दुसऱ्या ठिकाणी पेटंट असूनही त्यांचे रक्षण झाले नाही.

या दोन लढायांकडे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी नीट पाहायला हवे. आपल्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात, शेतांत आणि छपरांवर सौर पॅनेल आले आहेत, रस्त्यांवर विजेच्या दुचाकी धावतात. या सगळ्यांच्या पोटात एकच विद्या आहे: विजेला एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणारी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची विद्या. वारा आणि ऊन कुणाच्या मालकीचे नाहीत. त्यांची वीज करून ती ग्रिडला देण्याच्या रीतींना मात्र मालक असतात, आणि त्या रीती वापरायच्या तर परवाना लागतो. तो परवाना कुणी, कुणाला, कोणत्या शब्दांत दिला यावर कारखाने उभे राहतात आणि बंदही पडतात.

पायथ्याच्या कपाटात काय चालते

जुन्या पवनचक्कीत जनित्र थेट ग्रिडला जोडलेले असे. ग्रिडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, अमेरिकेत साठ. दिंडीतल्या टाळकऱ्यांनी एका ठेक्यावर पावले टाकावीत तशी ग्रिडला जोडलेली यंत्रे त्या एका ठेक्यावर चालतात. वारा मात्र ठेका पाळत नाही. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. वाऱ्याचा अचानक झोत आला की पाती वेग घेऊ पाहतात, ग्रिडला बांधलेले जनित्र त्यांना अडवते, आणि मधल्या मध्ये गिअरबॉक्सचे दात भरडले जातात. शिवाय वारा मंद असताना पाती ज्या वेगाने फिरली तर सर्वाधिक ऊर्जा मिळेल, तो वेग यंत्राला घेताच येत नाही.

यावरचा उपाय असा की पात्यांना वाऱ्याबरोबर हव्या त्या वेगाने फिरू द्यायचे. मग जनित्रातून निघणारी वीज कधी कमी, कधी जास्त आवर्तनांची होणार. ती आधी एकदिश करायची, म्हणजे डीसी, आणि मनोऱ्याच्या पायथ्याच्या कपाटातल्या इन्व्हर्टरने पुन्हा ग्रिडच्या ठेक्याची एसी करायची. सांगायला हे दोन वाक्यांत सांगता येते, करायला मात्र त्यासाठी शेकडो अँपिअरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे स्विच हवेत. ते काम करणारा घटक म्हणजे आयजीबीटी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या, म्हणजे जीईच्या, प्रयोगशाळेत बी. जयंत बालिगा यांनी तो विकसित केला. बालिगा यांचे शिक्षण आयआयटी मद्रासमधले. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. जीईने १९८८ मध्ये आपला सेमीकंडक्टरचा व्यवसाय हॅरिस या कंपनीला विकून टाकला. पुढे त्याच जीईच्या हाती पवनचक्कीच्या इन्व्हर्टरचे सर्वांत वादग्रस्त पेटंट येणार होते.

आणखी एक गोष्ट हा इन्व्हर्टर करतो, आणि पेटंटच्या लढाईचा गाभा तीच आहे. महावितरणच्या बिलात पॉवर फॅक्टरपायी जास्तीचे पैसे मोजलेला कुठलाही कारखानदार ती ओळखेल. मोटारी आणि जुन्या पद्धतीची जनित्रे ग्रिडकडून काम न करणारा प्रवाहही ओढतात. तारा त्याने तापतात, व्होल्टेज पडते. कारखान्यात त्यावर कपॅसिटर बसवतात. इन्व्हर्टरला मात्र हवा तो पॉवर फॅक्टर सांगता येतो. तो ग्रिडवर भार होण्याऐवजी व्होल्टेज सावरायला मदत करू शकतो. पवनचक्की ही ग्रिडची डोकेदुखी न राहता ग्रिडचा आधार होऊ शकते, ही शक्यता इथून सुरू झाली.

अमेरिकेचे दार

२१ जानेवारी १९९२ रोजी अमेरिकेत ५०,८३,०३९ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. शोधक म्हणून रॉबर्ट रिचर्डसन आणि विल्यम एर्डमन यांची नावे होती, आणि हक्क यू. एस. विंडपॉवर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे होते. हीच कंपनी पुढे केनेटेक नावाने ओळखली गेली. बदलत्या वेगाने फिरणारी पवनचक्की, तिच्या जनित्रावरचे बल नियंत्रित करण्याची पद्धत आणि ग्रिडकडच्या बाजूला पॉवर फॅक्टर ताब्यात ठेवणारा इन्व्हर्टर असा सगळा संच त्यात मांडलेला होता. पेटंटच्या शेवटी हक्कांचे दावे असतात, इंग्रजीत ज्यांना क्लेम म्हणतात. या पेटंटात ते शंभराहून अधिक होते. आकृत्या आणि वर्णन कितीही मोठे असो, पेटंटधारकाची जमीन किती हे या दाव्यांच्या शब्दांवरूनच ठरते.

त्याच सुमारास वायव्य जर्मनीतल्या आउरिख गावात वोबेन यांनी आपले यंत्र तयार केले होते. १९८४ मध्ये त्यांनी एनरकॉन काढली. त्यांची ई-४० ही पवनचक्की गिअरबॉक्सशिवाय चालणारी होती: मोठ्या व्यासाचे कडे असलेले जनित्र थेट पात्यांच्या आसाला जोडलेले, आणि त्याची सगळी वीज इन्व्हर्टरमधून ग्रिडला जाणारी. गिअरबॉक्स हा पवनचक्कीचा मोडण्याचा धोका असलेला भाग होता, तोच त्यांनी काढून टाकला. मेहनत घेतली होती ती त्यांनी जनित्रावर आणि इन्व्हर्टरवर. केनेटेकच्या यंत्राशी त्यांच्या यंत्राचे साम्य बाहेरून दिसत नव्हते. पण पेटंटचे दावे बाह्यरूप पाहत नाहीत.

टेक्सासमधल्या एका प्रकल्पासाठी पवनचक्क्या देण्याचा करार एनरकॉनने न्यू वर्ल्ड पॉवर या अमेरिकी कंपनीशी केला. केनेटेकने १९९५ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. १९३० च्या टॅरिफ कायद्याचे कलम ३३७ असे सांगते की अमेरिकी पेटंटचा भंग करणारा माल देशात आणणे हा अनुचित व्यापार आहे. हा आयोग नुकसानभरपाई देत नाही. त्याच्या हातात त्याहून जालीम हत्यार असते: माल देशात येऊच द्यायचा नाही, असा आदेश. न्यायालयात दावा लावला तर वर्षानुवर्षे हरल्या-जिंकल्याचे पैशांत मोजमाप चालते. आयोगापुढे मात्र हिशेब बाजारपेठेचाच होतो.

 आपले यंत्र त्या दाव्यांत बसतच नाही, असा एनरकॉनचा बचाव होता. आयोगाला तो पटला नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये एनरकॉनच्या बदलत्या वेगाच्या पवनचक्क्यांवर आयातबंदीचा आदेश निघाला. अपिलात एनरकॉनने आणखी एक मुद्दा मांडला: एकही यंत्र अजून अमेरिकेत आलेले नाही, झाला आहे तो फक्त करार, मग आयातीसाठी विक्री झाली असे कसे म्हणता? १९९८ मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने उत्तर दिले की विक्रीत विक्रीचा करारही येतो. जहाजावर चढण्याआधीच यंत्राला अमेरिकेचे दार बंद झाले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत आहे. एखाद्या शोधकाने आपली रीत जगापुढे उघड करून सांगितली, त्याबदल्यात समाजाने त्याला काही वर्षांची मक्तेदारी दिली, तर ती मक्तेदारी बंदरावरही पाळली गेली पाहिजे. पण याच प्रकरणात पुढे जे घडले त्याने या देवघेवीबद्दल अवघड प्रश्न उभे केले.

पेटंट मालक बदलते

आयातबंदीचा आदेश निघण्याच्या तीन महिने आधी, मे १९९६ मध्ये, केनेटेकच्या पवनचक्की कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कंपनीने ३३ मीटर व्यासाच्या पात्यांची आपली बदलत्या वेगाची पवनचक्की मोठ्या आशेने बाजारात आणली होती. यांत्रिक बिघाडांनी आणि अमेरिकेतल्या वीजबाजाराच्या मंदीने ती कंपनीला बुडवून गेली. ज्या कंपनीच्या संरक्षणासाठी दार बंद झाले, ती कंपनीच घरात उरली नाही.

पेटंट मात्र शिल्लक होते. कंपनी बुडाली तरी तिची पेटंटे मालमत्ता म्हणून विकली जातात. कॅलिफोर्नियातल्या झाँड या कंपनीने केनेटेकचे बदलत्या वेगाचे तंत्रज्ञान घेतले. जानेवारी १९९७ मध्ये झाँड एनरॉनने विकत घेतली. हे नाव महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. दाभोळच्या वीजप्रकल्पावरून ज्या एनरॉनने आपले राजकारण ढवळून काढले तीच ही कंपनी, आणि त्याच काळात अमेरिकेत पवनऊर्जेच्या या पेटंटची मालकीही तिच्याकडे होती. डिसेंबर २००१ मध्ये एनरॉन कोसळली. २००२ मध्ये तिचा पवनऊर्जा विभाग जीईने घेतला, आणि त्याबरोबर ते पेटंटही.

दहा वर्षांत एक पेटंट चार मालकांकडे गेले. ज्यांनी ते लिहिले त्यांचा त्याच्याशी संबंध संपला होता. शोध एका कंपनीचा, खरेदी दुसरीची, दिवाळखोरी तिसरीची, आणि वसुली चौथीची. पेटंट शोधकाला बक्षीस म्हणून दिले जाते असे आपण शिकतो. उद्योगात मात्र ते जमिनीच्या सातबाऱ्यासारखे फिरते, आणि शेवटी ज्याच्याकडे वकिलांची फौज बाळगण्याची ताकद असते त्याच्याकडे जाऊन थांबते. यात बेकायदा काही नाही. पण लहान कंपनी दुसऱ्याकडून परवाना घेते तेव्हा तिने एवढे लक्षात ठेवायला हवे की आज ज्याच्याशी हस्तांदोलन केले तो माणूस उद्या समोर नसेल. समोर असेल तो कागद.

एनरकॉन आणि जीई यांनी पुढे एकमेकांच्या पेटंटांचा परस्पर परवाना घेऊन आपले भांडण मिटवले. एनरकॉनकडेही तोवर जीईला अडचणीत आणू शकतील अशी पेटंटे होती. दोन बलवान कंपन्यांमध्ये असा तह बहुधा होतोच, कारण दोघींनाही एकमेकींच्या दारावर बंदीचा आदेश लावता येतो. ज्याच्याकडे देण्यासारखे पेटंट नाही त्याला मात्र परवाना विकतच घ्यावा लागतो, किंवा लढावे लागते. एनरकॉनने कॅनडात पवनचक्क्या उभ्या केल्या. अमेरिकेत तिला मोठे स्थान कधीच मिळाले नाही.

मित्सुबिशीचा रिकामा कारखाना

पुढची लढाई जीई आणि मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज यांची. २००८ मध्ये जीईने मित्सुबिशीच्या पवनचक्क्यांविरुद्ध त्याच आयोगाकडे तक्रार केली. त्यात ते १९९२ चे जुने पेटंट होते आणि जीईच्या अभियंत्यांची काही नवीही. ऑगस्ट २००९ मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने मित्सुबिशीविरुद्ध कौल दिला. जानेवारी २०१० मध्ये पूर्ण आयोगाने तो फिरवला आणि भंग झालेला नाही असे ठरवले. जुन्या पेटंटची मुदत १ फेब्रुवारी २०११ रोजी संपली, तेव्हा अपील अजून चालूच होते.

मित्सुबिशीने आर्कान्सा राज्यात फोर्ट स्मिथ इथे पवनचक्क्यांचा कारखाना उभारायला घेतला होता. खटले चालू असलेल्या उत्पादकाची यंत्रे घेऊन वीस वर्षांचा प्रकल्प कोण उभारणार? बँका आणि विमा कंपन्या असे धोके टाळतात. जीईच्या खटल्यांमुळे आपली अमेरिकेतली विक्री थांबली असा आरोप करून मित्सुबिशीने २०१० मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली उलट दावा लावला. मार्च २०१२ मध्ये डॅलस इथल्या ज्यूरीने दुसऱ्याच एका पेटंटवरून मित्सुबिशीला सुमारे १७ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सगळे वाद मिटवल्याचे जाहीर केले. अटी गोपनीय राहिल्या. फोर्ट स्मिथची इमारत उभी राहिली, पण तिथून एकही पवनचक्की बाहेर पडली नाही.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. आयोगापुढे मित्सुबिशी एकदा जिंकली होती. तरी बाजार तिच्या हातून गेला. पेटंटची खरी ताकद पुष्कळदा निकालात नसते. निकाल लागेपर्यंतच्या वर्षांत ग्राहकाच्या मनात जी धास्ती बसते, तिच्यात असते. परवान्याच्या वाटाघाटीला बसणाऱ्या दोन्ही बाजूंना हे पक्के ठाऊक असते, आणि रॉयल्टीचा दर त्या धास्तीच्या छायेत ठरतो.

शोधाचा नियम होतो तेव्हा

डॅलसच्या खटल्यातले पेटंट ज्या गोष्टीचे होते ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रिडवर कुठेतरी तार तुटली, वीज कोसळली, की आसपासच्या भागात क्षणभर व्होल्टेज पडते. जुन्या पवनचक्क्या अशा वेळी स्वतःच्या रक्षणासाठी ग्रिडपासून सुटत. थोड्याच असतील तर चालते. पण एखाद्या भागातली निम्मी वीज वाऱ्यापासून येत असेल आणि सगळ्या पवनचक्क्या एकाच क्षणी सुटल्या, तर एका तारेच्या बिघाडाने सारा प्रदेश अंधारात जाऊ शकतो. म्हणून व्होल्टेज पडले तरी सेकंदाचा काही भाग ग्रिडला धरून राहायचे आणि ग्रिड सावरला की लगेच वीज द्यायला लागायचे, ही क्षमता आवश्यक झाली. डॅलसचे पेटंट व्होल्टेज अगदी शून्यावर गेले तरी धरून राहण्याच्या रीतीचे होते. त्याच पेटंटवरून २०१७ मध्ये जीईने डेन्मार्कच्या वेस्टासवरही दावा लावला. २०१९ मध्ये तो आपसात मिटला.

आता नियमांकडे पाहा. जर्मनीतल्या ग्रिड कंपन्यांनी ही क्षमता २००३ च्या सुमारास सक्तीची केली. अमेरिकेत ऊर्जा नियामक आयोगाने २००५ मध्ये आदेश काढला. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये ग्रिड जोडणीच्या तांत्रिक मानकांत सुधारणा करून ती घातली. म्हणजे जी गोष्ट कालपर्यंत एखाद्या कंपनीचे वैशिष्ट्य होती, ती आज कायद्याने सगळ्यांना करावीच लागते. ती करण्याची एखादी रीत पेटंटखाली असेल, तर नियम पाळायचा म्हणजे परवाना घ्यायचा, नाहीतर दुसरी रीत शोधायची.

मोबाइल फोनच्या क्षेत्रात हा प्रश्न फार आधी आला. तिथे मानके ठरवणाऱ्या संस्था पेटंटधारकांकडून आधीच हमी घेतात: तुमचे पेटंट मानकात आले, तर सगळ्यांना रास्त आणि भेदभाव नसलेल्या अटींवर परवाना द्यावा लागेल. त्या हमीच्या अर्थावरूनही भांडणे होतात, पण निदान भांडायला आधार असतो. ग्रिडचे नियम नियामक करतो. त्याची नजर सुरक्षेवर असते, पेटंटांवर नसते. भारतात दरवर्षी ग्रिडच्या अटी कडक होत आहेत आणि ते आवश्यकच आहे. पण नवी अट घालताना ती पुरी करण्याच्या किती रीती पेटंटमुक्त आहेत हे तपासणे आणि पेटंटधारकांकडून परवान्याची हमी मागणे, हा नियम करण्याच्या कामाचाच भाग व्हायला हवा.

दमण, मुंबई, चेन्नई, दिल्ली

आता वोबेन यांच्या दुसऱ्या लढाईकडे. जानेवारी १९९४ मध्ये एनरकॉनने मेहरा कुटुंबीयांबरोबर भारतात संयुक्त कंपनी काढली: एनरकॉन इंडिया. कारखाना आणि नोंदणी दमणची, मुख्य कार्यालय मुंबईत अंधेरीच्या वीरा देसाई रोडवर. जर्मन कंपनीकडे निम्म्याहून जास्त भांडवल, कारभार मेहरांच्या हाती. तंत्रज्ञान देण्याचा वेगळा करार झाला. वोबेन यांची रचना भारताच्या वाऱ्याला आणि ग्रिडला चांगली मानवली. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्रात तिच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बुंध्याशी हिरव्या पट्ट्यांचा मनोरा आणि वर अंड्याच्या आकाराचे डोके, अशी यंत्रे पठारांवर पाहिलेल्यांना ती आठवतील.

परवान्याचा जुना करार संपत आला तेव्हा नव्याची बोलणी सुरू झाली. २९ सप्टेंबर २००६ रोजी बौद्धिक संपदेच्या परवान्याचा एक दस्तऐवज सह्यांसह तयार झाला. तो पक्का करार होता की पुढच्या बोलण्यांसाठीचा मसुदा, यावरच दोन्ही बाजूंचे मतभेद झाले. २००७ मध्ये जर्मनीतून येणारा सुट्या भागांचा पुरवठा थांबला. मेहरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जर्मन कंपनीने लवादाची नोटीस दिली. भारतीय कंपनीने दमणच्या न्यायालयात धाव घेतली. लंडनच्या न्यायालयातही अर्ज झाले.

त्या २००६ च्या दस्तऐवजातल्या लवादाच्या कलमात लवाद तीन असतील आणि बैठकीचे ठिकाण लंडन असेल असे म्हटले होते. दोन्ही पक्षांनी एकेक लवाद नेमायचा. तिसरा कुणी नेमायचा, हे सांगणारी ओळच त्यात नव्हती. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या करारातली ती एक न लिहिलेली ओळ पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: दोन लवादांनी मिळून तिसरा नेमायचा असा पक्षांचा हेतू उघड होता, म्हणून कलम वैध आहे. लवादाच्या बैठका लंडनला झाल्या तरी त्यावर देखरेख भारतीय न्यायालयांचीच राहील. वाद सुरू होऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती, आणि न्यायालयांनी एवढेच ठरवले होते की भांडण कुठे भांडायचे.

पेटंटांची लढाई समांतर चालली होती. पवनचक्की चालवण्याच्या आणि तिची वीज ग्रिडला देण्याच्या पद्धतींची भारतीय पेटंटे वोबेन यांच्या नावावर होती. भारतीय कंपनीच्या बाजूने चेन्नईच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे ती रद्द करण्याचे अर्ज मोठ्या संख्येने झाले. वोबेन यांनी दिल्ली उच्च न्यायालयात पेटंटभंगाचे दावे लावले. तिथे प्रतिदाव्यातूनही पेटंट रद्द करण्याची मागणी झाली. २०१० च्या अखेरीस मंडळाने वोबेन यांची बारा पेटंटे रद्द केली. क्षेत्रातल्या जाणकाराला या पद्धती सहज सुचण्याजोग्या आहेत, असा कारणांचा मुख्य रोख होता.

एकाच पेटंटवर एकाच वेळी चेन्नईत आणि दिल्लीत हल्ला करता येतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २ जून २०१४ च्या निकालात न्यायालयाने रांग लावून दिली. पेटंट मंजूर झाल्यावर वर्षभरात पेटंट कार्यालयात हरकत घेतली असेल तर पुढचे दोन्ही मार्ग बंद. नाहीतर रद्द करण्याचा स्वतंत्र अर्ज किंवा पेटंटभंगाच्या दाव्यातला प्रतिदावा यांपैकी एकच मार्ग धरता येईल. एका लढाईत पेटंटला दोनदा मरण नको आणि दोनदा जीवदानही नको, असा त्याचा आशय. आज भारतात पेटंटचा खटला चालवणारा प्रत्येक वकील हा निकाल समोर ठेवून पहिली चाल ठरवतो. ते अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले.

यात जिंकले कोण? एनरकॉन इंडियाने पुढे नाव बदलून विंड वर्ल्ड इंडिया केले. २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. वोबेन २०२१ मध्ये वारले. भारतातल्या वाऱ्याला चांगली मानवलेली एक रचना आणि ती बनवायला शिकलेले हजारो हात यांच्यातला दुवा तुटला. न्यायालयांनी कायदा स्पष्ट केला, पण भागीदारी वाचवणे त्यांच्या हातात नव्हते.

आपल्या हातात काय आहे

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत आज चार्जर, मोटार कंट्रोलर, सौर इन्व्हर्टर बनवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे तंत्र परवान्याने आलेले असते किंवा सुटे भाग आणून जोडलेले असते. निर्यातीचे स्वप्न सगळेच पाहतात. निर्यात सुरू झाली की कलम ३३७ सारखी दारे त्यांच्यापुढेही येतील.

केनेटेक, एनरकॉन, मित्सुबिशी आणि मेहरा यांच्या कहाण्यांतून मला काही ठाम गोष्टी दिसतात. यंत्राचा आराखडा पक्का होण्याआधी, ज्या देशांत विकायचे तिथल्या पेटंटांचे दावे एकेक करून वाचले पाहिजेत, आणि ते वाचणाऱ्यांत इन्व्हर्टर समजणारा अभियंता असलाच पाहिजे. परवान्याच्या करारात मिळणाऱ्या पेटंटांची यादी हवी, भविष्यात निघणाऱ्या पेटंटांचे काय हे लिहिलेले हवे, आपण केलेल्या सुधारणा कुणाच्या हे ठरलेले हवे. भागीदारी तुटली तर आधी विकलेल्या यंत्रांना सुटे भाग आणि सॉफ्टवेअर मिळत राहील याची हमी हवी. परवाना देणाऱ्याची कंपनी विकली गेली तरी परवाना टिकला पाहिजे. वाद कुठे आणि कुणापुढे चालेल ही ओळ पूर्ण लिहिलेली हवी. भागीदारांचे संबंध गोड असतात तेव्हाच हे सारे लिहून घ्यायचे असते, कारण ते बिघडल्यावर कुणी कुणाला एक शब्दही लिहून देत नाही.

आणि मक्तेदारीची मुदत संपते, हेही विसरू नये. २०११ नंतर ते केनेटेकचे पेटंट कुणीही वापरू शकते. त्यातल्या आकृत्या, नियंत्रणाची सूत्रे, सगळे उघड आहे. पेटंटच्या देवघेवीतला समाजाचा वाटा तो हाच. मुदत संपलेली अशी हजारो पेटंटे कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून फुकट वाचता येतात, पण आपल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला एक तरी पेटंट पहिल्या दाव्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावले जात नाही. ते लावले पाहिजे. इन्व्हर्टरचे सर्किट काढता येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या सर्किटचे हक्क कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे सांगता आले पाहिजे. हे शिक्षण मिळालेला अभियंता दुसऱ्याच्या हक्काचा मान राखून स्वतःची नवी रीत शोधू शकेल, आणि ती शोधल्यावर स्वतःचा दावा स्वतःच्या शब्दांत लिहू शकेल. महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाने आणि उद्योगसंघटनांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे, कारण पुढच्या वीस वर्षांचे हक्क आत्ता मागितले जात आहेत.